ऊन तिकडचं, वारा इकडचा

चैत्र-वैशाखात ऐकायला मनाला उभारी देणारी इंग्रजी पॉप गाणी निवडायची म्हटलं की पहिल्या तासातच एक अडचण समोर येते. निम्म्याहून अधिक गाण्यांत सूर्य असतो. कुठे तो उगवलेला असतो, कुठे उगवणार असतो, कुठे त्याच्यावरून गाणारा चक्क चालत असतो. ढग नसलेलं निळं आभाळ, उन्हाने न्हालेली बाग, उन्हाळ्याची सुट्टी, असा सगळा आनंदाचा मामला. आणि आपण राहतो रायगडच्या किनाऱ्यावर. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात एप्रिलच्या मध्यानंतर सकाळी दहाला उन्हाकडची खिडकी लावली जाते. ओटीवर पाणी शिंपलं जातं, म्हातारी माणसं मागच्या पडवीत सरकतात. सूर्य आला म्हणून इथे कोणी कोणाला आनंदाने हाक मारत नाही.

यामागे साधा भूगोल आहे. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. अलिबागला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सव्वातेराचा. म्हणजे आपला सूर्य वर्षभर हजेरी लावणारा, आणि त्यांचा सहा महिने रजेवर जाणारा. दुपारी चारला दिवे लावून ज्याने आख्खा हिवाळा काढला, त्याच्या अंगावर एप्रिल-मेचं ऊन पडलं की त्याला जे होतं, ते आपल्याला मृगाची पहिली सर आली की होतं. मे महिन्यात लंडनचा दुपारचा पारा १८ अंशांच्या आसपास असतो. आपल्या किनाऱ्यावर तो ३३-३४ असतो, पण हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही. किनारा सोडून आत गेलं तर विचारूच नका. आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७च्या अखेरीस, ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास, ४६ अंशांच्या वर तापमानाची नोंद झाली होती. पाडव्याला श्रीखंड खाऊन उठलेल्या त्या गावात जर कोणी विलायती सूर्यगीत लावलं असतं, तर लोकांनी काय केलं असतं याची कल्पना करायला हरकत नाही.

तरीही ही गाणी मला वैशाखातच हवी असतात. त्यांची वेळ तेवढी बदलावी लागते. किनाऱ्याचं स्वतःचं एक घड्याळ आहे. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. दुपारनंतर हा वारा जोर धरतो. चारच्या पुढे सुरूच्या बनात आवाज सुरू होतो, माडांच्या झावळ्या एका दिशेला वळतात, आणि दिवसभर बंद असलेली दारं उघडतात. दिवे लागेपर्यंत, कधी त्याही नंतर, हा वारा असतो. विलायतेत जो आनंद उन्हाने येतो तो आपल्याकडे या वाऱ्याने येतो, इतकं एकदा मान्य केलं की गाणी आपोआप जागेवर बसतात. म्हणून पुढच्या पानांतली गाणी मी काळानुसार किंवा गायकांनुसार लावलेली नाहीत. ती वेळांनुसार लावली आहेत: पहाट, चार ते सातचा वारा, आणि लग्नाच्या मोसमातल्या रात्री. भर दुपारसाठी एकही गाणं नाही. दुपारी झोपावं.

पहाटेचं पहिलं गाणं ‘हिअर कम्स द सन’. बीटल्स या चमूतल्या जॉर्ज हॅरिसनने ते एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं. बीटल्सची स्वतःची कंपनी त्या वेळी आर्थिक आणि कायदेशीर कटकटींत अडकली होती, बैठकांमागून बैठका. एका दिवशी हॅरिसनने बैठकीला दांडी मारली आणि मित्र एरिक क्लॅप्टन याच्या घरी गेला. तिथल्या बागेत, मित्राची गिटार हातात घेऊन, लांबलेल्या हिवाळ्यानंतरच्या उन्हात त्याने हे गाणं केलं. त्याच वर्षी ‘ॲबी रोड’ या तबकडीवर ते आलं. दांडी मारून केलेलं काम इतकं टिकल्याची उदाहरणं सरकारी-निमसरकारी क्षेत्रात फार नसावीत.

मराठी कानाला या गाण्यात आणखी एक गोष्ट सापडते. मधल्या भागात, जिथे सूर्याला पुन्हा पुन्हा हाक मारली जाते, तिथे सरळ चालणारा चार मात्रांचा ठेका मोडतो. तीन-तीनचे गट एकामागून एक येतात, उरलेल्या मात्रा भरल्या जातात आणि गाणं पुन्हा समेवर येऊन पडतं. ज्याने तबला ऐकलाय त्याला ही तिहाईची सावली लगेच कळेल; ज्याने ऐकलेला नाही त्याचाही पाय तिथे अडखळेल आणि मग सापडेल. हे हॅरिसनला कुठून आलं ते उघड आहे. १९६६च्या सप्टेंबरात तो मुंबईत येऊन रविशंकरांकडे सतार शिकत होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. त्यात संतूरवर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खान. मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. त्याच दिव्यांखाली, आपल्यापासून बोटीने तासाभरावर, या माणसाने आपल्या लयीचा अभ्यास चालवला होता, आणि पुढच्याच वर्षी तो अभ्यास एका इंग्रजी बागेत फळाला आला. हे गाणं मी पहाटे साडेपाच-सहाला ऐकायला सांगतो. त्या वेळी इथलाही सूर्य अजून सौम्य असतो आणि त्याच्याशी बोलायला हरकत नसते.

परक्या भाषेतलं गाणं या किनाऱ्याला नवीन नाही. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलली जाते. चौल-रेवदंड्यावरचं पोर्तुगीजांचं राज्य १७४० मध्ये संपलं, पण बोली मागे राहिली आणि तिच्यातली गाणीही राहिली. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक आले, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आले, आणि नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, ते सगळं हिंदी चित्रपटात असं मुरवलं की १९५१चा ‘अलबेला’ बघताना कोणाला ते परकं वाटलं नाही. त्यानंतर १९५७ मध्ये त्यांचंच ‘ईना मीना डीका’ आलं. ज्या घरात ते गाणं पोरांनी पाठ केलं, त्या घराला इंग्रजी पॉपसाठी वेगळी शिकवणी लागली नाही.

रेडिओचाही वाटा मोठा. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. हिंदी गाण्यांसाठी काटा फिरवताना इंग्रजी कार्यक्रमही कानावर पडत. आमच्या बाजूला मुंबई केंद्र तर पाण्यावरून सरळ येई; पुढे एफएमच्या काळातही किहीम-मांडव्याला मुंबईची केंद्रं ऐकू येत राहिली. डोंगरापलीकडच्या गावांना ती मिळत नसत. समुद्रकाठच्या माणसाला मिळालेल्या मोजक्या फायद्यांपैकी हा एक. बाकी खाऱ्या हवेने रेडिओ गंजायचा तो गंजायचाच.

आता रात्रीच्या गाण्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. वैशाख म्हणजे लग्नं. आगरी घरात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते, हळदीला जात्यापासून सगळ्याची गाणी होतात, आणि रात्री अंगणात बेंजो लागतो. बटणं दाबून वाजवायचं हे तारवाद्य विजेवर चढवलं की त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. त्याच्या जोडीला ताशा, ढोल, हल्ली कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. या पथकांच्या आणि त्याआधीच्या ब्रास बँडच्या वहीत एक इंग्रजी धून पिढ्यानपिढ्या आहे: ‘कम सप्टेंबर’. १९६१ साली याच नावाचा रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिदा यांचा चित्रपट आला. त्याची ही धून गायक बॉबी डॅरिनने रचली. चित्रपटातला श्रीमंत अमेरिकन दरवर्षी फक्त सप्टेंबरात इटलीतल्या आपल्या बंगल्यावर येतो, त्यावरून हे नाव. आपल्याकडे सप्टेंबर म्हणजे पितृपक्षाचे दिवस जवळ, तेव्हा लग्न कोण काढणार! त्यामुळे ही धून भारतात वाजली ती मुख्यतः मे महिन्यात, नवरदेवापुढे. ‘राजा’ या १९९५च्या चित्रपटात नदीम-श्रवण यांनी तिच्यावरून हिंदी गाणं केलं, तेव्हा अनेक वऱ्हाड्यांना वाटलं की सिनेमावाल्यांनी आपल्या बँडची चाल उचलली. एका अर्थी ते चूक नव्हतं. पस्तीस वर्षं वाजवल्यावर धून वाजवणाऱ्याची होतेच.

माझ्या निवडीत ‘कम सप्टेंबर’ आहे, पण मूळ तबकडीवरची धून ऐकून थोडी निराशा होईल हे आधीच सांगतो. ती फार शिस्तीत वाजते. बेंजोवाला जिथे मुरकी घेतो, वरात थांबली की तोच तुकडा दहादा फिरवतो आणि मध्येच कोळीगीतात शिरतो, तसं तिथे काही होत नाही.

कोळीगीताचं नाव निघालं म्हणून अमेरिकन गायक हॅरी बेलाफॉन्ट. १९५६ साली त्याच्या ‘कॅलिप्सो’ या तबकडीवर ‘डे-ओ’, म्हणजे केळ्यांच्या बोटीचं गाणं, आलं. हे जमैकाच्या गोदी कामगारांचं जुनं श्रमगीत. बोटीत केळ्यांचे घड चढवायचं काम रात्रभर चाले. उजाडलं की माल मोजणारा मुकादम येई, मोजदाद होई आणि मग माणूस घरी सुटे. म्हणून त्या गाण्यात पहाटेची एवढी ओढ आहे. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी साथ द्यायची, ही त्याची मांडणी आपल्या वल्ह्याच्या, जाळं ओढण्याच्या गाण्यांच्या घराण्यातली. हे गाणं उन्हाच्या गौरवाचं नाही. ते रात्रपाळी संपण्याचं आहे, आणि म्हणूनच ते कुठल्याही विलायती सूर्यगीतापेक्षा आपल्या बंदरांच्या जवळचं आहे. पहाटे रेवदंड्याच्या खाडीत किंवा आगरदांड्याला बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाची बोली सुरू होते. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यात त्या धक्क्यावर घाई वेगळीच असते. बर्फ, डिझेल, सुकवायला जाणारे बोंबील, पावसाळ्याची बेगमी. त्या गर्दीत ‘डे-ओ’ कोणी लावत नाही, पण ते तिथलं आहे असं मला दर वेळी वाटतं.

त्याच तबकडीवरचं ‘जमैका फेअरवेल’ हे तुम्हाला नक्की माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. लॉर्ड बर्जेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयर्व्हिंग बर्जी याने जुन्या लोकधुनींवरून ते बांधलं. बंदर सोडून निघालेला खलाशी, मागे राहिलेली मुलगी. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन सहलींत, शेकोटीभोवती, गिटारचे तीन-चार सूर येणाऱ्या प्रत्येकाने ते वाजवलेलं आहे, आणि काशीद-नागावच्या वाळूत त्याची किती आवर्तनं झाली असतील याची गणती नाही. ते इतक्यांनी इतकं बेसूर गायलंय, तरी त्याला काही झालं नाही. चांगल्या चालीची यापेक्षा कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

निवडीतल्या सगळ्या गाण्यांत ज्याच्यामागची हकीगत मला सर्वांत आवडते ते गाणं आहे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’. बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं १९८८चं हे गाणं. त्यात एकही वाद्य नाही. शीळ, ताल, खालचा खर्ज, वरची साथ, सगळं त्याने स्वतःच्या गळ्यातून आणि अंगावर थापा मारून काढलं, थरावर थर चढवले. वाद्यांशिवायचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. हे सगळं पुष्कळांना ठाऊक असतं. शीर्षकातले चार शब्द मात्र महाराष्ट्रातून गेलेत, हे सहसा ठाऊक नसतं. मॅकफेरिनने ते सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी भिंतीवरच्या चित्रफलकावर पाहिले होते, आणि तो फलक मेहेरबाबांचा होता.

मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेले, नगरजवळच्या अरणगावला मेहेराबाद वसवणारे. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरलं आणि १९६९च्या जानेवारीत देह ठेवेपर्यंत मोडलं नाही. आधी पाटीवरची अक्षरं बोटाने दाखवून आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. पाश्चात्त्य शिष्यांना द्यायच्या निरोपात हे चार शब्द वारंवार येत, आणि तिथून ते पत्रांवर, फलकांवर गेले. चव्वेचाळीस वर्षं तोंडातून शब्द न काढलेल्या माणसाचं वाक्य जगातल्या प्रत्येक विमानतळावर, केशकर्तनालयात आणि मोबाइलच्या घंटीत वाजतंय. आणि ते ज्या गाण्यातून गेलं त्यात तोंडाशिवाय दुसरं वाद्य नाही. नगरच्या कोरड्या उन्हात मेहेराबादच्या टेकडीवर उभं राहून हा योगायोग आठवला तर हसू येतं. गाणं स्वतः मात्र मेहेरबाबांच्या उपदेशापेक्षा बरंच खट्याळ आहे: भाडं थकलेल्या, घरमालकाशी खटका उडालेल्या माणसाला ते समजूत घालतं. त्याच्या गोडव्याचा कंटाळा येणारेही आहेत. अति झालं तर मलाही येतो. पण वैशाखात संध्याकाळी दिवे जातात, पंखा थांबतो आणि घरातलं कोणीतरी शीळ घालत ही चाल धरतं, तेव्हा आक्षेप घ्यायचं सुचत नाही. वाद्य नसलेल्या गाण्याला विजेची गरज पडत नाही.

मुरूडच्या पाण्यात जंजिरा उभा आहे तोवर आणखी एका गायकाला बाहेर ठेवता येणार नाही. अरबी समुद्राच्या पलीकडच्या आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य इथे १९४८ पर्यंत होतं. त्याच आफ्रिकी किनाऱ्यावरच्या झांजिबारात १९४६ साली एका पारशी घरात फारोख बुलसारा जन्मला. लहानपणीच त्याला शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं गेलं. तिथे तो पियानो वाजवी, शाळकरी पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये होता. १९६३ मध्ये तो परत गेला, झांजिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला पोचलं, आणि पुढे त्याचा फ्रेडी मर्क्युरी झाला. क्वीन या बँडच्या १९७८च्या तबकडीवरचं ‘डोन्ट स्टॉप मी नाउ’ हे त्याचं गाणं मी साडेपाचच्या वाऱ्यासाठी ठेवलंय. सुरुवात पियानोवर सावकाश, आणि मग जी धाव सुटते ती शेवटपर्यंत थांबत नाही. उतारावरून सायकल सोडली की जसे ब्रेक आठवत नाहीत, तशी. पाचगणीच्या घाटात वाढलेल्या मुलाने ते लिहिलं याचा त्याच्याशी काही संबंध असेल असा माझा दावा नाही. फक्त ऐकताना घाट दिसतो.

इंग्लंडचा गायक क्लिफ रिचर्ड याचाही जन्म भारतातला, लखनऊचा, १९४०चा. त्याच्या १९६३च्या ‘समर हॉलिडे’ या चित्रपटात काही तरुण लंडनची दुमजली लाल बस घेऊन थेट ग्रीसपर्यंत जातात. शीर्षकगीत हलकंफुलकं आहे, त्याहून जास्त काही नाही. पण मे महिन्यात जादा एसटीच्या रांगेत आंब्याची पेटी पायाशी ठेवून उभं राहिलेल्याला ते बरं वाटेल.

उभारी देणारं गाणं उभारीतूनच येतं, असा समज करून घेऊ नये. ‘सनी’ हे गाणं आपल्याकडे पोचलं ते बोनी एमच्या १९७६च्या नाचऱ्या रूपात. ऐंशीच्या दशकात ज्या घरात टेपरेकॉर्डर होता त्या घरात बोनी एमची कॅसेट असायचीच, बहुधा कोणीतरी नक्कल करून दिलेली. मूळ गाणं बॉबी हेब या नॅशव्हिलच्या गायकाचं. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली, आणि दुसऱ्या दिवशी हेबच्या भावाला एका क्लबबाहेर भोसकून मारलं. त्या दोन धक्क्यांनंतर लगोलग त्याने उजेडाचे आभार मानणारं हे गाणं लिहिलं. १९६६ मध्ये ते लोकप्रिय झालं. हेबचं आणि बोनी एमचं, दोन्ही या निवडीत शेजारी ठेवलीत. आधी नाचून घ्या, मग मूळचं ऐका. जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ले याचं ‘थ्री लिटल बर्ड्‌स’ही असंच. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनमध्ये त्याच्या घरात घुसून गोळीबार झाला, तो लंडनला गेला आणि तिथे १९७७ची ‘एक्झोडस’ ही तबकडी घडली. तिच्यावर हे गाणं आहे, जगातलं बहुधा सर्वांत निर्धास्त गाणं. रेगेचा ठेका जिथे आपण थाप अपेक्षितो तिथे गप्प बसतो आणि मधल्या फटीत वाजतो. झोपाळ्यावर बसून ऐकलं तर अंग आपोआप त्याच्या बाजूने होतं.

ठेक्याचं निघालंय तर टाळीबद्दल दोन शब्द. आपला हात समेवर पडतो. भजनापासून आरतीपर्यंत सवयच ती. इंग्रजी पॉपमध्ये जोर बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, ड्रमचा कडक आवाज तिथे येतो. पहिल्यावर टाळी दिली तर गाणं जड होतं आणि आपल्याला वाटतं की गाण्यात दम नाही. उलट अनेक कोळीगीतं सहा मात्रांच्या डुलत्या चालीची. दोन्हींवर एकाच रात्री नाचायचं तर पायांना थोडी मुभा द्यावी लागते. हळदीतल्या पोरांना हे कोणी शिकवलेलं नाही आणि ती कधी चुकतही नाहीत, म्हणून हा परिच्छेद माझ्यासारख्या खुर्चीवर बसून राहणाऱ्यांसाठी समजावा.

शब्द कळले नाहीत तर? मराठी माध्यमातल्या आम्हा सगळ्यांचा हा जुना न्यूनगंड. खरं सांगायचं तर या प्रकारच्या गाण्यांत शब्द फार नसतात, आणि जे असतात ते पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा ऐकताना अर्थ शोधू नये. चाल अंगात बसली की शब्द स्वतःहून सुटे होतात. नाही झाले तर धवल्यातले जुने शब्द तरी आपल्याला कुठे सगळे कळतात?

आवाज मात्र बेताचा हवा, हे आग्रहाने सांगतो. शनिवार-रविवारी बोटी आणि गाड्या भरून येणारे पाहुणे वाळूत गाडी आणून, दारं उघडी टाकून जे लावतात, त्यात गाणं कमी आणि छाती हादरवणं जास्त. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या बाजूला मार्च ते मेमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे निघतात, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांनी ती भरकटतात. तिथे गाणं, गाडी आणि झगझगाट तिन्ही घरी ठेवून जावं. दोन कानांत घालायची यंत्रं आता पांढऱ्या कांद्याच्या चार माळांच्या भावात मिळतात.

शेवटी, काय घेतलं नाही आणि काय अटीवर घेतलं ते. ‘वॉकिंग ऑन सनशाइन’ घेतलंय, पण अटीवर. केंब्रिजच्या कॅट्रिना अँड द वेव्ह्‌ज या बँडचं १९८५ मध्ये गाजलेलं हे गाणं उन्हावरून चालण्याचा आनंद सांगतं. ज्याला ते दुपारी ऐकायचंय त्याने आधी काशीदच्या वाळूवर मे महिन्यात एक वाजता अनवाणी चालून यावं. सात वाजता, वाळू निवल्यावर, ते उत्तम आहे. फॅरेल विल्यम्सचं २०१३चं ‘हॅपी’ वगळलं. गाणं वाईट नाही, पण प्रत्येक दुकानाने आणि प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनाने ते झिजवून टाकलंय, त्याला काही वर्षं विश्रांती द्यावी. सर्वांत अधिक विचारणा होईल ती ‘मिस्टर ब्लू स्काय’ची. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचं १९७७ मधलं हे गाणं माझंही आवडतं. या बँडचा गायक-गीतकार जेफ लिन स्वित्झर्लंडच्या डोंगरात घर घेऊन गाणी लिहायला बसला होता; दिवसच्या दिवस धुकं आणि पाऊस, काही सुचेना. मग एका सकाळी आभाळ उघडलं, डोंगर दिसले आणि गाणं आलं. तबकडीवर ते पावसावरच्या चार गाण्यांच्या मालिकेतलं शेवटचं आहे: आधी तीन गाणी पाऊस, वीज, गडगडाट, आणि मग हे. वैशाखात निळ्या आभाळाचं कौतुक करायला आपल्याकडे कोणाला सवड आहे? आपलं ‘मिस्टर ब्लू स्काय’ येतं ते जून-जुलैची झड संपल्यावर. तेव्हा भिंतींना ओल आलेली असते, कपडे आठवडाभर वाळलेले नसतात, मांडव्याच्या प्रवासी लाँचा अजून बंदच असतात, आणि श्रावणात एका सकाळी अचानक लख्ख पडतं. ज्यांना ते हवंच आहे त्यांनी तोवर थांबावं, आणि ऐकताना आधीची तीन गाणी गाळू नयेत.